अर्धा तास थांब

मी शिडी परत द्यायला गेले होते, दुसरं काही काम नव्हतं. टाकीचा नळ बदलायला थोरल्या दिरांची शिडी आणली होती आणि चार दिवस ती आमच्याच दारात पडून होती. माणसं तोंडावर बोलत नाहीत, पण मनात ठेवतात. म्हणून बुधवारी, अकरा तारखेला, बर्फाच्या कारखान्यातून सुटले, दोन घास खाल्ले आणि रात्री पावणेनऊला शिडी खांद्यावर टाकून निघाले. गल्लीतले दिवे गेले होते. माझी लेक आधीच तिकडे होती, चुलत भावांशी गप्पा मारायला.

लांब शिडी घेऊन कोपऱ्यावर वळणं म्हणजे कसरत. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीशी मी थांबले, तर पायऱ्यांवरून भाऊजींचा आवाज आला. थोरल्या दिरांना मी भाऊजी म्हणते. त्यांची दोन पोरं आणि माझी लेक अंधारात बसून ऐकत होती.

"गोष्ट खरी आहे," भाऊजी म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक होडीवाला आहे. आपल्यासारखाच, हौशी लोकांना मोठ्या माशामागे नेणारा. मागे चार गळ सोडायचे, चारही गळांना प्लास्टिकचे मासे, आणि होडी चालवत राहायची. थांबायचं नाही. थांबलं की प्लास्टिकचा मासा मेलेला दिसतो, मग खरा कशाला येईल?"

"बाबा, हे आम्हाला माहीत आहे," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे तर ये, माझ्या जागी बस आणि तूच सांग."

पोरं हसली. मीही अंधारात हसले. पुढे भाऊजी म्हणाले, "त्याचं गिऱ्हाईक एक दातांचा डॉक्टर." तेव्हा मला कळलं की हे स्वतःचंच सांगतायत. दातांचा डॉक्टर एकाच होडीवर जातो, भाऊजींच्या. माझी दाढ त्यानेच उपटली, आणि उपटताना अख्खा वेळ मला समोरच्या भिंतीवरचा फोटो बघावा लागला. डॉक्टर, भाऊजी, आणि मधे माणसाएवढा मासा.

"गेल्या महिन्याची सव्वीस तारीख," भाऊजी सांगत होते. "हवा सकाळपासून खराब. लाट होडीच्या छपरापर्यंत. डॉक्टरने नाश्ता केला तेवढा समुद्राला परत दिला. तीन वाजता होडीवाला म्हणाला, आता पुरे, परत जाऊ. तीन गळ ओढून घेतले. चौथ्याला हात लावणार, तेवढ्यात दोरीचं रीळ ओरडलं."

"केवढा होता?" थोरला म्हणाला.

"ऐक तर. मोठा मासा लागला की उडी मारतो, डोकं झटकतो, इकडे जातो, तिकडे जातो. हा कुठेच जाईना. नुसतं वजन. आणि ओढ एकाच दिशेला. होडी कशीही वळवा, दोरी परत त्याच बाजूला. डॉक्टर दमला की होडीवाला धरायचा, होडीवाला दमला की डॉक्टर. चार तास. अंधार पडला. सात वाजून दहा मिनिटांनी दोरीचं टोक वर आलं."

भाऊजी थांबले. काडी ओढल्याचा आवाज आला. विडी पेटली नाही बहुतेक, कारण दुसरी काडी ओढली.

"मासा नव्हता. दोर होता. मनगटाएवढा जाड दोर, त्या बारीक दोरीला नीट बांधलेला. शेवाळ नाही, शिंपला नाही. इंजिन बंद पडलेली होडी कशी ओढून नेतात, बघितलंय ना तुम्ही? आधी बारीक दोरी फेकतात. तिच्या शेपटाला जाड दोर असतो. म्हणजे घ्या, बांधा, ओढा."



"तिकडे होडी होती?" माझ्या लेकीने विचारलं.

"काही नव्हतं. पाणी होतं. दोर पाण्यात जात होता, एवढंच. डॉक्टर म्हणाला, काप. पायाशी सुरी होती. होडीवाल्याने उचललीसुद्धा."

"मग?"

"कापला नाही."

"का?"

काडीपेटी पायरीवर ठेवल्याचा आवाज आला.   मग भाऊजी बोलले ते इतकं हळू, की मी शिडीसकट भिंतीला चिकटले.

"कारण चार वर्षांपूर्वी त्याच जागी त्याला एकाने हाक मारली होती. दुसऱ्या होडीवाल्याने. वायरलेसवर. इंजिन गेलंय, पाणी आत येतंय, दोर टाकायला ये. त्या दिवशीही असाच वारा. आणि याच्या गळाला मासा लागलेला, डॉक्टरचा आयुष्यातला सगळ्यात मोठा. आपल्यात मासा लागला की ती होडी कोणासाठी वळत नाही, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. तसा रिवाज आहे. म्हणून तो म्हणाला, मासा लागलाय, अर्धा तास थांब. तर दुसरा म्हणाला... बरं दादा. थांबतो."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं होतं.

माझा नवरा भाऊजींचा धाकटा भाऊ. त्याचीही तसलीच एक होडी, तोच धंदा. चार वर्षांपूर्वी तो एकटा गळ टाकायला गेला आणि आला नाही. होडी नाही, फळी नाही, चप्पल नाही. भाऊजी त्या दिवशी समुद्रातच होते. पोलिसांना म्हणाले, मला म्हणाले, रडत म्हणाले, वायरलेस बंद होता वहिनी, नाहीतर मी गेलो नसतो का? मीच त्यांना पाणी दिलं. मीच समजूत घातली. आणि "बरं दादा, थांबतो" हे जगात एकच माणूस म्हणायचा, भाऊजींनी पंगतीत शेवटी बसवलं तरी म्हणायचा.

पोरांना अजून कळलं नव्हतं. धाकटा म्हणाला, "अर्ध्या तासाने गेला का तो?"

"दोन तास लागले मासा वर घ्यायला. मग फोटो काढला. मग गेला." भाऊजींनी घसा साफ केला. "तर त्या रात्री त्याने दोर मागच्या खुंटाला बांधला. हळूच पुढे निघाला. होडीचं बूड दबलं. मागे वजन आलं."

"कसलं?"

"वजन. होडीचं."

"बघितलं नाही मागे?"

"नाही."

"डॉक्टरने?"

"त्याची दातखीळ बसली होती. तो पुढेच बघत होता. मागे... पाणी फुटत होतं. आपण पाणी कापतो तसा आवाज. पण मागून. इंजिन नाही. दिवा नाही. वायरलेस चालू ठेवला होता. कोणी बोललं नाही. बोलला असता तर... शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

कुत्रं भुंकत होतं कुठेतरी. 

"सहा तास. एक वाजून वीस मिनिटांनी बंदराच्या तोंडाशी आले. दोर सैल पडला. एकदम. त्याने ओढला. हलका आला. भराभर आला."

"टोकाला काय होतं?" माझी लेक म्हणाली.

काडीपेटी उचलल्याचा आवाज आला.

"काका, टोकाला काय होतं?"

"बघितलं नाही. टोक वर यायच्या आत त्याने खुंटावरची गाठ सोडली. सगळा दोर पाण्यात टाकला. घरी आला. झोपला. बायकोला म्हणाला, आज काही मिळालं नाही."

मी शिडी खाली ठेवली. टाकली म्हणा. पोरं दचकली. मी पायऱ्यांपाशी गेले. अंधारात भाऊजींचं तोंड दिसत नव्हतं, आणि मला बघायचंही नव्हतं.

"भाऊजी, वायरलेस चालू होता?"

ते उभे राहिले. मोठे असून माझ्यापुढे उभे राहिले.

"वहिनी, ही दुसऱ्या कोणाची..."

"चालू होता की बंद होता? एका शब्दात सांगा."



"चालू होता."

माझी लेक त्यांना टेकून बसली होती. ती उठली आणि माझ्या बाजूला आली.  त्यांची पोरं बापाकडे बघत होती आणि बाप पायरीकडे.

"चार वर्षं माझ्या हातचा चहा पिताय," मी म्हटलं. "मासा लागला होता ते मी एक वेळ समजून घेतलं असतं. माणूस हौसेपुढे आंधळा होतो, गिऱ्हाइकापुढे लाचार होतो. पण तो परत आला तुमच्याकडे. तुम्हीच ओढून न्या म्हणून आला. सहा तास ओढून आणलात आणि दारात सोडलात. टोकसुद्धा बघितलं नाहीत. मला हाक मारायची होती. मी बघितलं असतं."

"भास असेल, वहिनी," ते म्हणाले. रडत होते. "दोर नाहीच आता. डॉक्टर म्हणतो असं काही झालंच नाही. दोघांना भास झाला असेल."

"चला."

"कुठे?"

"होडीवर."

चौघं माझ्या मागून आली. भाऊजी सगळ्यांत मागे. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं, पाणी खाली गेलेलं. मी होडीत उतरले, लेकीने मोबाइलचा उजेड धरला. मागचा खुंट लोखंडी आहे, माझ्या मांडीएवढा जाड, याच पावसाळ्याआधी नवा बसवलेला. त्याचा रंग एका बाजूने गेला होता. पूर्ण गोल पट्टा गेला होता. आणि पट्ट्याच्या खाली लोखंड आत गेलेलं, गुळगुळीत, विहिरीच्या काठावर शंभर वर्षं दोर घासून पडते तशी खाच.

भाऊजी धक्क्यावरूनच म्हणाले, "मी त्या दिवसापासून मागे गेलोच नाही."

 मी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.