मापाला माणूस

शनिवारची संध्याकाळ होती. बाबा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून जुना कॅमेरा पुसत बसला होता. पुसायला आईच्या सुती साडीचा तुकडा होता. असलं मऊ फडकं बाजारात मिळत नाही, ते आधी वर्षानुवर्षं कुणीतरी नेसावं लागतं, असं त्याचं म्हणणं. केतकी आमटीला फोडणी देत होती आणि पाठमोरीच त्याला चिडवत होती, की डोंगरावर कॅमेरा घेऊन जाणारे आता तू आणि तुझ्यासारखे चार म्हातारेच उरलात, बाकी सगळ्यांचे फोटो खांब काढतात.

ते खरंच होतं. सह्याद्रीतल्या बहुतेक कड्यांवर आता कमरेएवढे राखाडी खांब उभे होते. माणूस कड्याजवळ आला की खांब त्याच्याकडे वळे, उजेड जोखे, ढग बाजूला सरकेपर्यंत दम धरे, आणि माणूस पायथ्याशी पोचेपर्यंत त्याच्या फोनवर फोटो आलेला असे. फोटो चांगलाच असे. फक्त तो सगळ्यांचा सारखा असे.

बाबाच्या जुन्या कॅमेऱ्याला मात्र नजरी होती. शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती, अंगठा टेकतो तिथे बसवलेली. खांबाला सगळ्या जगाची सरासरी आवड ठाऊक असते, नजरी एकाच माणसाची होऊन राहते. तो कुठे वळतो, किती थांबतो, काय टिपतो आणि घरी आल्यावर काय पुसून टाकतो, हे ती वर्षानुवर्षं बघत असते. पुरेशी शिकली की आपणहून सांगू लागते. समोरची चौकट मालकाच्या मनासारखी जमली, की अंगठ्याखाली हलकेच ठोका पडतो. बाबा तिला लोणचं म्हणायचा. "मुरायला वेळ द्यायचा. आणि सारखं झाकण उघडायचं नाही."

"उद्या येतेस?" त्याने विचारलं. "साळुंकीच्या कड्यावर ढग खाली उतरलेत म्हणे."

"म्हणजे पुन्हा मला मापाला उभी करणार."

"करणारच. नाहीतर कडा केवढा आहे ते लोकांना कळणार कसं?"

हे त्यांचं फार जुनं बोलणं होतं. नुसत्या डोंगराचा फोटो काढला तर तो शंभर फुटांचा की हजार फुटांचा, काही समजत नाही. कुठेतरी एक माणूस दिसावा लागतो. केतकी आठ वर्षांची होती तेव्हापासून बाबाचा तो माणूस तीच होती. पिवळं जर्किन घालून तो तिला समोरच्या धोंड्यावर पाठवायचा आणि स्वतः दरीच्या अलीकडे तिवई रोवून बसायचा. मग वाऱ्यात उभं राहायचं. ती ओरडायची, "झालं का?" तिकडून उत्तर यायचं, "हलू नकोस." पुन्हा थोड्या वेळाने, "झालं का?" पुन्हा तेच उत्तर. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी यात फरक पडला नाही. फक्त जर्किनाचं माप वाढत गेलं.

ते फोटो पुढे नावाजले गेले. बाबाच्या, म्हणजे सुहास ओगल्यांच्या, फोटोतल्या पिवळ्या ठिपक्यावर लोकांनी लेख लिहिले. एका प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं होतं, की हा ठिपका कोण? बाबा म्हणाला, "माप आहे ते." सगळे हसले. मागे चहाचा कप घेऊन उभी असलेली केतकीही हसली. नंतर कितीतरी दिवस ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. तसं ती त्याला कधी बोलली नाही.

त्या शनिवारी तिच्याकडे एका जाड चरित्राची मुद्रितं तपासायची राहिली होती. पुढच्या रविवारी नक्की, असं ती म्हणाली. बाबाने मान हलवली. जुना कॅमेरा साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात परत ठेवला आणि खुंटीवरची निळी पिशवी काढली. तिच्यात त्याचा कामाचा कॅमेरा असे.

"हा नाही नेत?"

"राहू दे. कॅलेंडरवाल्यांचंच काम आहे. त्यांना तो पुरतो."

मग ते जेवायला बसले. आमटीत मीठ कमी पडलं होतं. त्याने हळूच वरून घेतलं. रविवारी तो कड्यावर जाऊन आला, पाय भरून आलेत म्हणून लवकर झोपला, आणि सोमवारी सकाळी उठलाच नाही.

*

दृश्यसंग्रहाचा निनाद साठ्ये घरी आला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. सह्याद्रीतली जुनी छायाचित्रं जपणारी ती संस्था होती. बाबाची नजरी त्यांना हवी होती. तिची प्रत कड्यावरच्या खांबांत घातली, तर तिथे येणाऱ्या कुणालाही सुहास ओगल्यांनी काढला असता तसा फोटो मिळेल, अशी त्यांची कल्पना. केतकीने फार विचार न करता चकती काढून दिली. माणूस गेला तरी त्याचं बघणं डोंगरावर राहील, एवढं तिला पुरेसं वाटलं.

पावसाळा सरता सरता निनादचा फोन आला. त्याचा आवाज अवघडलेला होता. नजरी मुकी झाली आहे, तो म्हणाला. तिला हजारो दृश्यं दाखवून झाली. पहाटेची, पावसातली, खुद्द ओगल्यांच्या आवडत्या जागांवरची. एका सहकाऱ्याला पिवळं जर्किन चढवून धोंड्यावर उभंसुद्धा केलं. एकदाही ठोका पडला नाही.

"मालक गेल्यावर काही नजऱ्या अशा बसतात," तो म्हणाला. "का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही ती कोरी करून नव्या छायाचित्रकाराला देऊ. नाहीतर परत पाठवतो."

तिने परत मागवली. पाठवताना त्याने सांगितलं, की हातात धरून बघायला हरकत नाही, पण बटण दाबू नका. ती अजून शिकते आहे. बटण दाबलंत की तुमचीही आवड त्यात मिसळणार, आणि फोटोगणिक तुमच्या वडिलांची नजर पातळ होत जाणार.

पार्सल उघडून केतकीने चकती जागेवर बसवली आणि अंगठा टेकवला. खिडकीबाहेरचा गुलमोहर, समोरची गच्ची, भिंतीवरचा आईचा फोटो. काही नाही. तिला एकच ठोका हवा होता. एक पडला असता तरी तिने उरलेल्या आयुष्यात दुसरा मागितला नसता.

*

साळुंकीच्या कड्याखालच्या वाडीत बुधाबाई बांडे राहते. ती पर्यटकांना जेवू घालते आणि वरही घेऊन जाते. बाबाला ती केतकीइतकीच वर्षं ओळखत होती. केतकीला बघून तिने आधी कपाळावर हात मारला, मग जवळ घेतलं, मग रोडावलीस म्हणून रागावली. भाकरी खाल्ल्याशिवाय चढायचं नाही, असंही बजावलं.

वाटेत कारवीतून जाताना ती एकटीच बोलत होती. "तुझ्या बापानं मला कधी फोटूत येऊ दिलं नाही बघ. सारखं आपलं, बुधाबाई, जरा बाजूला व्हा, डोंगर दिसू द्या. जसा काय मी डोंगर झाकीत होते." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "त्या शेवटच्या रविवारी एकलेच आले. मी म्हनलं, सर, लेक नाही तर मी ऱ्हाते उभी मापाला. म्हणले, नको, तुम्ही बसा निवांत. निळ्या पिशवीतून कॅमेरा काढला, दोन-चार फोटू घेतले नि बसले मग माझ्यासंगं शेंगा खात."

केतकी कारवीची फांदी धरून क्षणभर थांबली. चढावर तिला दम लागला होता.

कड्यावर सोनकी फुलली होती. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, पोटात ढग भरलेले, आणि पलीकडच्या टोकाला तो काळा धोंडा. त्या दोघी दिसताच खांब वळला आणि त्याच्या डोक्यावर हिरवा दिवा लागला. बुधाबाईने खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्यावर टाकली. "गप ऱ्हा जरा. घरचं माणूस आलंय."

केतकीने कॅमेरा डोळ्याला लावला. बाबा बसायचा तिथे बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं. ढगातून वर आलेला सुळका, उन्हाचा पट्टा, कड्याची उतरती रेघ. एकेका चौकटीवर श्वास रोखून थांबली. अंगठ्याखालची चकती थंडगार होती. शेवटी तिने कॅमेरा मांडीवर ठेवला.

"गेलीय ही," ती म्हणाली.

बुधाबाईने विचारलं, की काय गेली? मग केतकीने तिला सगळं सांगितलं. नजरी म्हणजे काय, ठोका म्हणजे काय, आणि बटण का दाबायचं नाही. बुधाबाईने ऐकून घेतलं. समजलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"एकदा धोंड्यापर्यंत जाऊन येते," केतकी म्हणाली. तिकडच्या वाटेवर साखळी धरून जावं लागतं, दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून तिने कॅमेरा बुधाबाईच्या गळ्यात अडकवला आणि कसा धरायचा ते दाखवलं. पडू देऊ नका, एवढंच बजावलं.

धोंड्यावर पोचल्यावर ती उभी राहिली. ठरवून नव्हे, पायच तसे पडले. डावा पाय पुढे, हात खिशात, तोंड दरीकडे. जर्किन या वेळी करड्या रंगाचं होतं. खालून वारा येत होता आणि ढगाचा ओला वास. ती हलली नाही.

"ताई!"

कड्याच्या वळणामुळे आवाज अगदी शेजारून आल्यासारखा येतो. तिने मान वळवली. बुधाबाई दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरून उभी होती.

"अगं, ह्ये धडधडाया लागलंय!"

वाऱ्याने कॅमेरा हलत असेल, असं केतकीला वाटलं. तिने बुधाबाईला कॅमेरा सुळक्याकडे वळवायला सांगितलं. थांबलं, तिकडून उत्तर आलं. ढगांकडे? तिकडेही काही नाही. मग ती म्हणाली, पुन्हा माझ्याकडे करा.

"वाजतंय!"

केतकी धोंड्याच्या डाव्या कडेला गेली, मग उजव्या. खाली बसली. बुधाबाई कॅमेरा तिच्यामागून फिरवत राहिली आणि दर वेळी ओरडून सांगत राहिली, की हाये, हाये, अजून हाये. शेवटी म्हणाली, "तू हललीस तरी ऐकंना झालंय. कोंबडीच्या पिल्लावानी उडतंय."

केतकी धोंड्यावर बसून राहिली. तिला कपाट आठवलं. साडीच्या तुकड्यात गुंडाळून परत आत जाणारा कॅमेरा, आणि खुंटीवरची निळी पिशवी. किती शनिवार असे गेले असतील. ती येते म्हणाली की हा कॅमेरा, नाही म्हणाली की तो. बुधाबाईसोबत शेंगा खाल्ल्या त्या रविवारीही तो. या नजरीने तिच्यावाचून एकही डोंगर कधी पाहिलाच नव्हता. निनादने तिला हजारो कडे दाखवले आणि ती त्या सगळ्यांत एकाच माणसाला शोधत राहिली असणार.

एवढे मोठमोठे कडे बाबाने तिच्या मागे नेऊन उभे केले होते.

निनादला आता सांगावं लागणार होतं, की ही नजर कुठल्याच खांबाच्या उपयोगाची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती काही देणार नाही. आणि खुद्द केतकीलाही नाही, कारण चौकटीत तीच उभी असताना ठोका पडणार दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याखाली. तिला तो कायम असाच, दरीपलीकडून कुणीतरी ओरडून सांगायचा.

"दाबू का?" बुधाबाईने विचारलं.

नको, असं केतकीच्या ओठांवर आलं होतं. एका फोटोने नजर किती पातळ होते, हे तिने विचारून ठेवलं नव्हतं. तशीच घरी नेली, साडीत गुंडाळून कपाटात ठेवली, तर ती जशीच्या तशी राहील. पण मग तो ठोका कुणासाठी? सारखं झाकण उघडायचं नाही, असं बाबा म्हणाला होता. कधीच उघडायचं नाही, असं काही तो म्हणाला नव्हता.

"थांबा जरा. सांगते."

ती उठली. इतक्या वर्षांत या धोंड्यावर ती नेहमी दरीकडे तोंड करून उभी राहिली होती. आज तिने पाठ दरीकडे केली. समोर लांबवर सोनकीच्या पिवळ्या पट्ट्यात घोंगडी पांघरलेला खांब होता, शेजारी बुधाबाई, आणि बुधाबाईच्या हातात, चेहऱ्याच्या जागी, कॅमेरा. तिवई रोवून बसलेला माणूस इथून एवढाच दिसायचा. लांबून बघणाऱ्याला बाबासुद्धा ठिपकाच होता, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

झालं का, असं तिने या जागेवरून किती वेळा विचारलं असेल.

"बाबा," ती म्हणाली. ती ओरडली नाही, पण कडा आवाज पलीकडे नेतो. "मला आवडायचं रे इथे उभं राहायला."

बुधाबाईने कॅमेरा खाली घेतला नाही. खालचा ढग हळूहळू वर चढत धोंड्याच्या पायाशी आला होता. केतकीने हात खिशातून बाहेर काढले.

"घाई नाही मला. अजून थोडा वेळ उभी राहू?"