नानांना पत्ता विचारणारा संगणक

राउटरवरचे सगळे दिवे हिरवेगार होते, आणि तरीही निहाराच्या घरचं इंटरनेट सकाळपासून ढिम्म हलत नव्हतं. आईने राउटर (बाहेरून आलेलं इंटरनेट घरभर वाटणारी डबी) बंद करून पुन्हा चालू केला. एकदा नाही, चांगला चार वेळा. कंपनीला फोन केला तर पलीकडचा गोड आवाज म्हणाला, तुमची लाइन उत्तम आहे. पण एकही पान उघडत नव्हतं.

एरवी अशा वेळी घरात एकच हाक जायची, "नाना, जरा बघता का?" निहाराचे आजोबा, नाना, जन्मभर उपग्रहांच्या संदेशयंत्रणा बनवत आलेले शास्त्रज्ञ. पण नानांना जाऊन पंधरवडा उलटला होता. आज सकाळी त्यांची खोलीसुद्धा आवरून झाली होती.

आणि इंटरनेट नेमकं आजच हवं होतं. निहाराचे बाबा चंद्रावरच्या संशोधन केंद्रात होते. आपले वडील गेल्याचं त्यांना तिथेच कळलं, आणि तिथून काही रात्रीची गाडी पकडून येता येत नाही. आज संध्याकाळी केंद्रावरचा सूर्य मावळणार होता. चंद्रावरची रात्र आपल्या जवळजवळ दोन आठवड्यांएवढी लांब. तेवढे दिवस वीज जपायची, म्हणून घरच्यांशी बोलणं बंद. केंद्रात प्रत्येकाची बोलायची पाळी ठरलेली; बाबांना त्याआधीचा शेवटचा अर्धा तास मिळाला होता, आणि केंद्राशी बोलायची परवानगी घरातल्या एकाच संगणकाला होती. नाना गेल्यापासून बाबांचं तोंड दिसलं नव्हतं. ते तिकडे एकटेच रडत असतील, असं निहाराला सारखं वाटत होतं.

"ठोकळ्या, तू तरी बघ ना," ती म्हणाली.

ठोकळ्या हा नानांनी घरीच जुळवलेला यंत्रमानव. दिसायला अगदी नावासारखा, स्वभावाने शांत.

"माझं बरंचसं ज्ञान बाहेरच्या मोठ्या संगणकांवर असतं, ते आत्ता मिळणार नाही," तो म्हणाला. "डोक्यात आहे तेवढ्यावर भागवू. जवळून सुरुवात करायची आणि लांब लांब जायचं. जिथे उत्तर यायचं थांबेल, तिथे बिघाड."

आधी संगणक ते राउटर. ठोकळ्याने निहाराला पिंग पाठवायला सांगितलं. पिंग म्हणजे एक चिमुकला संदेश: 'आहेस का?' पलीकडचं यंत्र चालू असेल तर ते बहुतेक वेळा 'आहे' म्हणतं. राउटर लगेच 'आहे' म्हणाला.

"आता घराबाहेर. नानांनी मला बाहेरच्या एका संगणकाचा अंकी पत्ता पाठ करायला लावलाय, तो टाक."

निहाराने आकडे टाकले. पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

"म्हणजे वाट तर चालू आहे," ती गोंधळून म्हणाली.

"आता आकडे नकोत. बाबांच्या केंद्राचं नाव टाक."

संगणक बराच वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, हे नाव सापडत नाही.

"असं कसं? आकड्यांनी हाक मारली की ओ देतात, आणि नावाने मारली की नाही?"

"कारण संगणक एकमेकांना आकड्यांनीच ओळखतात," ठोकळ्या म्हणाला. "नावं तुम्हा माणसांच्या सोयीसाठी. तू नाव लिहिलंस की आपला संगणक आधी नामसेवकाला (नावावरून अंकी पत्ता सांगणारा संगणक, याला डीएनएस म्हणतात) विचारतो. नवख्या गावात आपण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारतो ना, शिरोळकरांचं घर कुठलं हो? तसंच. रस्ता कितीही चांगला असू दे, सांगणाराच नसेल तर पाहुणा चौकात उभा."

"मग आपला संगणक कोणाला विचारतो?"

ठोकळ्याने तिला सेटिंगमधला एक रकाना उघडायला लावला. तिथे एकच पत्ता होता.

"हा घरातलाच आहे. नानांच्या टेबलाखालच्या काळ्या डबीचा. पत्ता विचारायला परक्याच्या दारात कशाला जायचं, म्हणून नानांनी नामसेवक घरीच तयार केला होता. संगणक सकाळपासून प्रत्येक नाव तिलाच विचारतोय. उत्तर येत नाही, म्हणून थांबतोय आणि पुन्हा विचारतोय."

निहारा नानांच्या खोलीत धावली. टेबलाखाली काहीच नव्हतं. आई मागोमाग आली.

"आई, इथली काळी डबी?"

आईचा चेहरा उतरला. "जुन्या वायरी न्यायला सकाळी गाडी आली होती ना, तिच्यात दिली गं. रोज रात्री या रिकाम्या खोलीत तिचा दिवा लुकलुकायचा. मला वाटायचं, नाना जागेच आहेत. मला ते बघवेना."

आई पलंगाच्या कडेवर बसून रडायला लागली. निहाराला आधी राग आला होता. मग तिलाही रडू आलं आणि ती आईला चिकटून बसली.

"उपाय सोपा आहे," ठोकळ्या दारातून हळूच म्हणाला. "मघाचा बाहेरचा संगणकही नामसेवकच आहे, सगळ्यांसाठी खुला. नानांचा पत्ता पुसायचा आणि त्याचा लिहायचा."

"पुसायलाच हवा का?" आईने विचारलं. "नानांचा वर राहू दे. त्याचा खाली लिही."

"तसंही चालतं. पण मग आधी नानांनाच विचारलं जाईल, आणि उत्तराची वाट बघत संगणक पुन्हा पुन्हा अडेल. मी पुसू का?"

"नको, मी पुसते," निहारा म्हणाली. "तिकडे बाबा वाट बघतायत."

तिने एकेक आकडा पुसला. नवा पत्ता लिहिला, आणि केंद्राचं पान क्षणात उघडलं.

बाबा दिसले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पृथ्वीवरून चंद्रावर संदेश पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि उत्तर यायला आणखी तेवढाच. त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागत होतं.

"सकाळपासून नेट बंद होतं रे," आई म्हणाली. "आत्ता कुठे चालू झालं."

"मग काय, नानांनी दोन मिनिटांत..." बाबा सवयीने बोलून गेले आणि तिथेच अडकले. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मी केलं, बाबा," निहारा म्हणाली.

"कसं केलंस? सगळं सांग."

तिने राउटरपासून काळ्या डबीपर्यंत सगळं सांगितलं. बाबांच्या खिडकीबाहेर उन्हाची शेवटची पट्टी डोंगरावरून सरकत होती.

"ती डबी कशी बनवायची हे नाना मला किती वेळा शिकवायला बसले असतील," ते म्हणाले. "मी म्हणायचो, तुम्ही आहात की."

"मी शिकून ठेवते," निहारा म्हणाली. "तुम्ही आलात की दोघं मिळून नवी बनवू."

अडीच सेकंदांनी बाबांनी होकारार्थी मान हलवली.