चौतीसचं अ‍ॅव्हरेज

गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगानं पळत होती आणि जागची तसूभरही हलत नव्हती. तिची पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या दोन लोखंडी रोलरवर फिरत होती आणि मागची चाकं साखळीनं बांधलेली होती. वाहन परीक्षण केंद्राच्या तिसऱ्या कक्षात गेली एकतीस वर्षं हेच चाललं होतं. या काळात गाड्यांचं स्टिअरिंग गेलं, ड्रायव्हर गेला, पेट्रोल मोजूनमापून मिळू लागलं. मुकुंद वाळिंबे मात्र त्याच काचेमागच्या त्याच खुर्चीत होते. आता ते प्रमुख परीक्षण अधिकारी होते आणि थकलेले होते.

"चौतीस पूर्णांक दोन," नसीमा मुजावर पडद्यावरचा आकडा बघून म्हणाली. गाड्यांची सारथी-यंत्रणा, म्हणजे गाडी चालवणारा संगणक, हा तिचा विषय. "सर, एवढ्याशा गाडीला चौतीस म्हणजे उत्तमच. हिरवी पट्टी."

"मग तक्रार कसली आहे?"

नसीमानं कागद पुढे केला. त्यावर निळ्या शाईत, ठळक गोल अक्षरात चार ओळी होत्या. 'माझ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज उत्तम आहे. परंतु पेट्रोल पुरत नाही. कृपया तपासून मिळावे. लीला झोरे, परिचारिका, आरोग्य उपकेंद्र, हेळवाडी.'

वाळिंब्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. अ‍ॅव्हरेज पडल्याच्या तक्रारी त्यांनी हजारांनी वाचल्या होत्या. अ‍ॅव्हरेज चांगलं असल्याची तक्रार पहिलीच.

"टाकी गळतेय का?"

"नाही. नळ्या, इंजिन, टायर, सगळं ठणठणीत आहे. मी दोनदा बघितलं."

"लाव त्यांना फोन."

पडद्यावर आधी नुसता खडक आला, मग कारवीची झुडपं, मग घामानं निथळणारा एक चेहरा. सिस्टर झोरे पन्नाशीच्या होत्या. त्या दगडावर बसून धापा टाकत होत्या आणि त्यांच्या मांडीवर रक्तदाब मोजायची पेटी होती.

"बोला साहेब. दम खाते जरा. निम्मा घाट अजून राहिलाय."

"सिस्टर, तुम्ही चालत निघालात? तुमची गाडी आमच्याकडे आहे म्हणून?"

"छे हो! आज शुक्रवार. गाडी असली तरी शुक्रवार-शनिवार चालतच जाते मी. सोमवारी बारा लिटरचा वाटा मिळतो, तो गुरुवारी संपतो. वर खडकुळ्याची फेरी रोजचीच, त्यात आता तिथं पार्वती आहे, आठवा महिना लागलाय, तिचं बीपी चढतंय. रोज बघायला पाहिजे. एक दिवस चुकला आणि काही झालं, तर मी तोंड कुणाला दाखवू?"

वाळिंब्यांनी पेन उचललं. "हेळवाडी ते खडकुळे किती किलोमीटर?"

"चौदा."

"जाऊन येऊन अठ्ठावीस. सहा दिवसांचे एकशे अडुसष्ट. चौतीसनं भागलं तर पाच लिटर होतं. तुम्हाला बारा मिळतं सिस्टर. सात लिटर उरायला हवं."

"ते चौदा या घाटानं हो! गाडी कुठं इकडनं येते? ती धरणाच्या पाण्याकडेनं जाते, लांबून. सेहेचाळीस पडतात."

वाळिंब्यांनी मांडलेला हिशेब खोडला.

"घाटाचा रस्ता बंद आहे का?" नसीमानं विचारलं.

"बंद कशाला असेल? दुधाचा टेम्पो रोज जातो, माझ्या वेळेला नसतो एवढंच. चांगला डांबरी रस्ता आहे."

"मग तुम्ही गाडीला घाटानं जायला का नाही सांगितलं?"

"तिला कुठं जायचं ते सांगता येतं ताई, कुठनं जायचं ते नाही सांगता येत. आणि ती सरकारी गाडी. मला वाटलं, नियम असेल काहीतरी." सिस्टर उठल्या, पेटी खांद्याला लावली. "ठेवते आता. ऊन चढतंय."

फोन बंद झाला. नसीमानं रोलर थांबवले, गाडीच्या सारथी-यंत्रणेला तार जोडली आणि गेल्या दोन वर्षांचे प्रवास पडद्यावर मांडले. धरणाच्या कडेनं गेलेली हिरवी रेघ शेकडो वेळा उमटली होती. घाटाची रेघ फक्त पहिल्या आठवड्यात सात वेळा होती, नंतर एकदाही नाही.

"बघा सर. पहिल्या आठवड्यात ती दोन्ही रस्ते वापरून बघते. घाटात पहिला-दुसरा गिअर, सारखं वळण, सारखा ब्रेक. लिटरला सतरा मिळतात. धरणाचा रस्ता सपाट, रिकामा, सलग पन्नासचा वेग. लिटरला चौतीस. तिनं चौतीसचा रस्ता धरला."

"पण चौदा किलोमीटरला सतरानं पाऊण लिटरच्या थोडं वर पेट्रोल लागतं. सेहेचाळीसला चौतीसनं जवळजवळ सव्वा लिटरच्याही वर जातं. पोचायचं ठिकाण एकच. हे तिला कळत नाही?"

"तिला कशाला कळेल? तिचं ध्येयसूत्र बघा ना." यंत्राला काय साधायचं आहे हे ज्या एका ओळीत लिहिलेलं असतं, त्याला केंद्रातली मंडळी ध्येयसूत्र म्हणत. नसीमानं ती ओळ मोठी केली. "'प्रति लिटर किलोमीटर जास्तीत जास्त. वेळ जवळच्या रस्त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको.' बस्स. पेट्रोल वाचव असं तिला कुणी सांगितलेलंच नाही. अ‍ॅव्हरेज वाढव असं सांगितलंय. अ‍ॅव्हरेज दोन तऱ्हेनं वाढतं सर. पेट्रोल कमी जाळा, नाहीतर सोपे किलोमीटर जास्त करा. पूर्वी रस्ता माणूस ठरवायचा, म्हणून गाडीच्या हातात पहिलीच तऱ्हा होती. दोन वर्षांपूर्वी इंजिन आणि रस्ता दोन्ही एकाच मेंदूकडे दिले. त्याला दुसरी तऱ्हा सापडली."

"आणि आपल्याला दोन वर्षं दिसलं नाही."

"कसं दिसेल? आपल्या रोलरला घाट नाही आणि धरणही नाही."

वाळिंबे पडद्यावर वाकले. ध्येयसूत्राखाली बारीक अक्षरात समितीचं नाव होतं आणि त्याखाली त्यांचीच सही. आठ वर्षांपूर्वीची ती बैठक त्यांना लख्ख आठवली. कुणी म्हणत होतं प्रदूषण मोजा, कुणी म्हणत होतं वेळ मोजा. चहा दोनदा होऊन गेला होता आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. तेव्हा वाळिंबेच म्हणाले होते, "आपल्याकडे गाडी घेतली की शेजारी, मेहुणा, वॉचमन, सगळे एकच विचारतात. अ‍ॅव्हरेज काय देते? तेच ठेवा." सगळे हसले होते आणि ठराव एकमतानं मंजूर झाला होता. आता त्यापायी एक पन्नाशीची बाई उन्हात घाट चढत होती, आणि या विचारानं त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ट्रकवर घालून दोघं हेळवाडीला पोचले. सिस्टर झोरे उपकेंद्राच्या पायरीवर बूट बांधत होत्या. सोमवारपर्यंत गाडीत वाट्याचं पेट्रोल पडणार नव्हतं. परीक्षणासाठी म्हणून टाकीत दोन लिटर भरून आणलं होतं, तेवढंच.

वाळिंब्यांनी परीक्षण अधिकाऱ्याची किल्ली गाडीत खुपसली आणि ध्येयसूत्र खोडून नवं लिहिलं: 'सांगितलेल्या ठिकाणी वेळेत पोचणं सक्तीचं. त्यासाठी कमीत कमी पेट्रोल.' गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले. तिच्या स्मृतीत घाटाच्या त्या सात फेऱ्या होत्याच. फाट्यावर आल्यावर ती धरणाकडे न वळता सरळ घाटाला लागली.

"अगंबाई, इकडनं आली की!" सिस्टर म्हणाल्या आणि पुढे वाकून, पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या, दर आठवड्याला पायाखालून जाणारा रस्ता बघू लागल्या.

इंजिन कुरकुरत होतं. पडद्यावरचं अ‍ॅव्हरेज सतरा, सोळा, पंधरा असं घसरत गेलं. वाळिंब्यांना सवयीनं कसंतरीच झालं. एकतीस वर्षं हा आकडा पडला की त्यांनी गाडी नापास केली होती. चाळीस मिनिटांत खडकुळं आलं.

पार्वती ओसरीच्या भिंतीला टेकून बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा बघितला. मग शांतपणे पेटी मिटली.

"एकशे सत्तर. हिला आत्ता खाली न्यायची. साहेब, पेट्रोल आहे का?"

वाळिंब्यांनी पडद्याकडे बघितलं. एक लिटर आणि थोडं. धरणाकडून आले असते तर टाकीत आता अर्धा-पाऊण लिटर असतं, आणि उतरायला पुन्हा सव्वाच्या वर लागलं असतं. चौतीसच्या अ‍ॅव्हरेजनं गाडी पाण्याकडेला कुठंतरी थांबली असती.

"आहे," ते म्हणाले. "पुरतंय. बसवा तिला."

गाडीत चौघंच मावत होते, त्यामुळे पार्वतीच्या सासूला जागा देऊन नसीमा मागे राहिली आणि दुधाच्या टेम्पोतून खाली आली. हेळवाडीच्या फाट्यावर बोलावून ठेवलेली रुग्णवाहिका उभी होती. दुपारी तालुक्याहून फोन आला. मुलगी झाली होती, दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आई शुद्धीवर होती. सिस्टर झोरे उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून दोन मिनिटं रडल्या. मग उठून त्यांनी तिघांसाठी चहा टाकला.

"सर, एक अडचण आहे," नसीमा कपातला चहा हलवत हळूच म्हणाली. "आज दोन्ही वेळचं मिळून सतरा पडलंय. हे असंच राहिलं तर गाडीला लाल पट्टी लागेल. विसाच्या खाली अ‍ॅव्हरेज म्हणजे उधळी गाडी. इंधनवाटा कचेरी आपोआप दोन लिटर कापते. शिक्षा म्हणून."

"म्हणजे पेट्रोल वाचवलं म्हणून शिक्षा?"

"कचेरीला पेट्रोल किती लागलं ते दिसत नाही सर. अ‍ॅव्हरेज दिसतं."

वाळिंबे सिस्टरांकडे वळले. हे कसं सांगावं ते त्यांना कळेना. "सिस्टर, गाडी आज आली तशी रोज घाटानं येईल. पण तुमच्या गाडीला लाल पट्टी लागेल. बाराऐवजी दहाच लिटर मिळेल. मी वर लिहीन, पण समिती बसायला सहा महिने लागतात."

"आणि घाटानं सहा दिवसांचं किती लागतं?"

वाळिंब्यांनी पेन काढलं, पण नसीमाचा हिशेब आधीच झाला होता. "दहाला थोडंसं कमी."

"मग पुरलं की!" सिस्टर म्हणाल्या. "लावा लाल पट्टी. दोन लावा. बारा लिटरच्या बक्षिसात मी दोन दिवस पायी जात होते, दहाच्या शिक्षेत सगळा आठवडा बसून जाईन."

त्या खदखदून हसल्या. वाळिंब्यांनाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी फॉर्म काढला. 'इंधनवापर चांगला की वाईट' असा रकाना होता. तिथं त्यांनी 'वाईट' लिहिलं, खाली सही केली, आणि इतक्या वर्षांत आपण पहिल्यांदाच एखाद्या गाडीचं भलं केलं असं त्यांना वाटलं.

सोमवारी त्यांनी समितीला अकरा पानांचा अहवाल पाठवला. तासाभरात उत्तर आलं. मुद्दा विचारार्ह आहे, पुढील बैठकीत घेऊ, मात्र अ‍ॅव्हरेज ही संकल्पना जनमानसात रुजलेली असल्यानं तीत बदल करणं कठीण दिसतं. खाली सही करणाऱ्या गृहस्थांनी आठ वर्षांपूर्वीच्या बैठकीत सर्वांत आधी घड्याळ बघितलं होतं.

साडेपाचला वाळिंबे आपल्या गाडीत बसले. तीही तसलीच छोटी, दोन वर्षांची, हिरव्या पट्टीची. "घर," ते म्हणाले आणि नेहमीप्रमाणे मान मागे टाकून डोळे मिटले. रोज असंच होई. सव्वा तास डुलक्या काढून पावणेसातला आंबलेल्या अंगानं ते घरी पोचत. शहर वाढलंय, ट्रॅफिक वाढलाय, आपलं वय वाढलंय, असं ते शैलजाला सांगत. पूर्वी दोघं सव्वासहाला तिच्या गुडघ्यांसाठी म्हणून टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरायला जात. दोन वर्षांपासून ती एकटीच जायची. अंधारात खड्डे दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नव्हता.

आज मात्र त्यांना झोप लागेना. दहाएक मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. दोन्ही बाजूंना उसाची शेतं होती. रस्ता सपाट, रिकामा, सरळ होता. वेग पन्नासवर स्थिर होता आणि पडद्यावर छत्तीस हा आकडा झळकत होता. हाच छत्तीस ते चहाच्या वेळी सगळ्यांना अभिमानानं सांगत.

त्यांनी पडद्यावर आजचा रस्ता मागवला: साठ किलोमीटर. कार्यालय ते घर बारा किलोमीटर होतं.

"थांब," ते म्हणाले. गाडी कडेला थांबली. खासगी गाडीचं ध्येयसूत्र मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नसे, म्हणून त्यांनी खिशातल्या लिफाफ्याच्या पाठीवर स्वतःच्या नावे स्वतःलाच संमती लिहून दिली, खाली तारीख घातली, आणि किल्ली फिरवली. गाडी वळली आणि गर्दीत घुसली. सिग्नल, रिक्षा, भाजीच्या गाड्या, शाळेची बस, पुन्हा सिग्नल. आकडा घसरत घसरत पंधरावर आला आणि तिथंच राहिला.

शैलजा दारात चप्पल घालत होती. नवऱ्याला बघून तिचा हात थांबला आणि चेहरा उतरला.

"एवढ्या लवकर? बरं नाही का वाटत? काय होतंय?"

"काही नाही होत. बरा आहे मी." त्यांनी डब्याची पिशवी कोनाड्यात ठेवली आणि चष्मा पुसला. पुसायला जरा वेळच लागला. "अ‍ॅव्हरेज पडलंय गाडीचं. चल, मी पण येतो."