हर्षदाचा ठसा

गाय दूध देत नाही. सोडते.

०

नखाएवढा चांदीचा टाक. प्रणालीच्या मंगळसूत्रात, काळ्या मण्यांच्या मधोमध. त्यावर एक बाई कोरली आहे, पण तिला नाकडोळे नाहीत. दुसरेपणावर दिलेली बायको वारलेल्या सवतीला अशी गळ्यात घेऊन वावरते.

०

वारणेकाठी धार काढणारी बाई माहेरी गेली, की घरचा पुरुष तिचा गाऊन अंगात चढवून कासेखाली बसतो. गाय फसते. पुरुषाला कोणी हसत नाही. निदान तोंडावर.

०

गोठ्यातून गुणगुणणं येतं. शब्द नाहीत, आवाज जाडसर, सर्दी झाल्यासारखा. गोठ्यात गाय आहे, यंत्र आहे. माणूस नाही.

०

कासेत दूध तयार असतं, पण ते सडात उतरायला गाईच्या मेंदूने हुकूम द्यावा लागतो. वासराने ढुशी दिली, ओळखीचा हात लागला, ओळखीचा वास आला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं आणि कास आवळून दूध खाली ढकलते. हाच पान्हा. गाय बिचकली तर तो जागच्या जागी अडतो. जुनी यंत्रं दूध ओढू शकत, मागू शकत नसत. म्हणून घरच्या एकट्यादुकट्या गाई त्यांना लाथ मारत.

मग ठसा आला. गाय ज्या माणसाला पान्हा सोडते, त्याने आठवडाभर पातळ हातमोजे घालून धार काढायची. हाताची ऊब, दाब, लय, घामाचा वास, तोंडातलं गुणगुणणं, सगळं टिपलं जाई आणि यंत्राच्या मऊ कपांत उतरे. त्या टिपणाला ठसा म्हणत. आता वारणेकाठी बहुतेक गोठ्यांत ठशाची यंत्रं होती.

प्रणालीचा नवरा तुषार, त्याच्या गोठ्यातल्या यंत्रावर पट्टी चिकटवलेली होती: हर्षदा.

प्रणाली या घरात आली ती त्याची पहिली बायको हर्षदा आजाराने वारल्यावर वर्षाने. कपाट रिकामं करून मिळालं, चूल मिळाली, तुषारही चांगला वागे. मिळाली नाही ती पवळी. प्रणाली जवळ गेली की गाय कान मागे टाकी. एकदा मांडीवर लाथ बसली, काळंनिळं झालं. आणि यंत्र सुरू झालं की तीच पवळी डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागे.

तेवढंही तिने सोसलं असतं. पण सकाळी यंत्र लागलं की तुषार चहाचा कप घेऊन गोठ्यात जाई. तिथे काम काहीच नसे. पेंडीच्या पोत्यावर बसून तो ऐकत राही. चहा निवून जाई. स्वयंपाकघरात त्याने कधी चहा निवू दिला नव्हता. दोन घोटांत संपवून उठे.

एकदा तिने म्हटलं, यंत्रात माझा ठसा घालू या. तुषारने चहाचा कप खाली ठेवला.

"चाललंय नव्हं नीट? मग कशाला त्या गाईच्या वाटंला जातीस?"

"गाईच्या न्हाई जात मी," ती म्हणाली.

तो उठून गेला.

दूध संघाच्या डॉक्टर शाल्मली तेंडोलकर गाई तपासायला आल्या, तेव्हा प्रणालीने त्यांना गाठलं. हा ठसा पुसा, माझा घ्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पुसला तर पवळी आटेल. आणि नवा घ्यायचा कसा? गाय जिच्या हाताला पान्हाच सोडत नाही, तिच्या हातातून टिपायचं काय?

"म्हणजे मेलेल्या बाईला पान्हा, आणि जितीला लाथ?"

"गाईला मेलेलं-जितं कळत नाही, वहिनी. ओळखीचं-अनोळखी कळतं." डॉक्टरांनी पिशवी उघडली. "एक करता येईल. गाय बदलणार नाही, ठसा बदलणार नाही. तुम्ही बदलू शकता."

त्यांनी तिला हातमोजे दिले आणि यंत्राला एक दिवा जोडून दिला. आधी प्रणालीने हाताने चार धारा काढायच्या, मग कप लावायचे. तिचा हात ठशाच्या जवळ गेला की दिवा हिरवा. लांब गेला की विझलेला.

"गाऊन आहे का त्यांचा? वासाने लवकर जमेल."

"गाऊन मी घालणार न्हाई," प्रणाली म्हणाली. "टाक घातलाय, तेवढा पुरे."

पहिले दिवस दिवा पेटेचना. तिची मूठ झटकन मिटे. ठशाची मूठ सावकाश, जरा दमल्यासारखी, मध्येच एक ठोका चुकवणारी. एवढं रडतराऊत काम करायची का ही, असं तिला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं. पण ती तो चुकलेला ठोका शिकली. मग गुणगुणणं. तिचा गळा पातळ. आवाज छातीत उतरवावा लागला. आजारपणात बसला असेल बाईचा गळा, असं तिने ठरवलं. रात्री अंथरुणात तिचा अंगठा चादरीवर ती लय धरी. सवतीचा हात आपल्या हातात शिरतोय, हे तिला कळत होतं. येऊ दे, ती मनात म्हणे. एकदा आत आलीस की घर माझं.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी दिवा हिरवा झाला आणि विझलाच नाही. पवळीने मान वळवली, प्रणालीच्या खांद्याला नाक लावलं, आणि सडांतून दूध आपसूक ठिबकू लागलं. प्रणालीने यंत्र लावलंच नाही. बादली भरली. कासेला कपाळ टेकून ती बराच वेळ बसून राहिली.

त्याच दिवशी ती परातीत कणीक मळत होती. मूठ सावकाश मिटत होती, मध्येच एक ठोका चुकत होता, आणि छातीतून तो जाडसर सूर आपोआप येत होता. तुषार दारात थांबला. हातातला चहा त्याने फळीवर ठेवला.

"कुठनं शिकलीस हे?"

"गाईकडनं." तिने हात थांबवला नाही. "आता इथंच बसा. गोठ्यात जायची गरज न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यासारखा. तो पाटावर बसला खरा, पण तिच्याकडे बघेना; भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ते तेवढं गुणगुणू नकोस."

अजून तिचंच दुःख, प्रणालीला वाटलं. मेली तरी सुटत नाही. तिने गळ्यातला टाक पिठाच्या हाताने मुठीत धरला आणि जरा मोठ्याने गुणगुणू लागली.

यंत्रातला तो ठसा घ्यायला संघाची माणसं आली होती तेव्हा हर्षदाला वारून महिना झाला होता; तिचा गाऊन चढवून, हातात मोजे घालून, कासेखाली तुषार गुणगुणत बसला होता.