दोन रिंगा, म्हणजे फाइल धड पोचली

मेल्यानंतरही मनुष्याचा आत्मा सत्यासाठी झगडत राहतो, ही गोष्ट विज्ञानाला आज ना उद्या मान्य करावीच लागेल. पुरावा हवा असेल तर विज्ञानाने नाशिकला, इंदिरानगरात, गोरक्षराव कापडणिसांच्या घरी यावं. फक्त चपला बाहेर काढाव्यात. त्यांच्या पत्नी उज्वलाताईंनी नुकतीच फरशी पुसलेली असते.

पुढे सांगतो ते सगळं खरं आहे. घर तिथेच आहे, फोनही तिथेच आहे. वाटल्यास जाऊन बघा.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन. भुताने ही वेळ निवडावी याचं गोरक्षरावांना अजूनही वाईट वाटतं, कारण कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "जेवण जास्त झालं होतं का?"

तर मुळापासून सांगायला हवं.

शहाण्णव साली नाशकात घरी कॉम्प्युटर असणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी होती. त्यांतली दोन बोटं म्हणजे गोरक्षराव आणि त्यांचा मित्र जयराम आहेर. एक इंदिरानगरात, एक पंचवटीत. दोघांकडे मोडेम, म्हणजे एका कॉम्प्युटरचं बोलणं टेलिफोनच्या तारेतून दुसऱ्याकडे नेणारं खोकं. आणि दोघांत एकच वाद. फाइल लवकर कोण पोचवतं?

गोरक्षरावांकडे विकतचा प्रोग्राम होता, गरुड. जयरामने स्वतः रात्रंदिवस बसून एक लिहिला होता. त्याचं नाव सांडणी, म्हणजे निरोप घेऊन धावणारी उंटीण.

चाचणीची फाइल ठरलेली. जयरामच्या सोसायटीतल्या पाण्याच्या तक्रारी. अठ्ठेचाळीस केबी भरल्या होत्या.

फाइल जात असताना लाइन अडकलेली, त्यामुळे बोलता यायचं नाही. मग दोघांनी एक रीत पाडली. गोरक्षराव पाठवणार, हातात घड्याळ. फाइल गेली की जयराम ती उघडून बघणार आणि उलटा फोन करणार. तो उचलायचा नाही, नुसता ऐकायचा.

दोन रिंगा, म्हणजे फाइल धड पोचली.

एकच रिंग, म्हणजे खराब झाली. पुन्हा पाठव.

शेवटच्या चाचणीत गरुडला चार मिनिटं पाच सेकंद लागली. सांडणीला तीन अडतीस. आणि मग फोन वाजला. दोनदा. स्वच्छ.

गोरक्षरावांनी तोवर कॉम्प्युटर क्लबातल्या अकरा जणांना गरुड घ्यायला लावला होता.

त्यांनी चाचण्यांच्या तक्त्यात लिहिलं, 'सांडणी : अपूर्ण.'

"दोन दिल्या ना भो!" जयराम म्हणाला.

"एकच आली," गोरक्षराव म्हणाले.

तक्ता क्लबच्या पत्रकात छापून आला. जयरामने सांडणीला पुन्हा हात लावला नाही. दोघांचं येणंजाणं राहिलं, लग्नंकार्यं झाली, पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की जयराम उठून पाणी प्यायला जायचा. मागच्या दिवाळीआधी तो गेला.

आणि त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, त्याची मुलगी साक्षी बापाचं जुनं मशीन घेऊन दारात उभी राहिली.

"काका, आमच्या कॉलेजात शनिवारी जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन आहे. हे चालू करून द्याल? शेजारी पाटी लावायचीय." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, मी दोनच दिल्या होत्या. खरंच एक आली होती का हो?"

"एकच," गोरक्षराव म्हणाले. अठ्ठावीस वर्षं तोंडात बसलेला शब्द. आपोआप निघाला.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

मंगळवारी त्यांनी माळ्यावरून स्वतःचं मशीन काढलं. दोन्ही मशीन जेवणाच्या टेबलावर मांडली, मध्ये केबल जोडली, वेग मुद्दाम जुनाच ठेवला. गरुड खरोखरच जलद निघाला तर पाटीवरचं खोटं थोडं कमी खोटं होईल, असा हिशेब.

गरुड. चार मिनिटं पाच सेकंद. अगदी तेव्हाइतकीच.

"ताटं कुठे ठेवू? तुमच्या उंटांवर?" उज्वलाताईंनी विचारलं. गोरक्षरावांनी जयरामचं मशीन कडेला सरकवलं. जेवणं झाली. मग त्यांनी सांडणी सुरू केली.

पडद्यावर ठिपके उमटू लागले. एक ठिपका म्हणजे फाइलचा एक तुकडा पोचला. समोरून 'मिळालं' असा इशारा आल्याशिवाय सांडणी पुढचा ठिपका काढत नाही. जयरामने ती तशीच लिहिली होती. काटेकोर.

ठिपका... ठिपका... ठिपका...

आणि एकाएकी फ्रिजची घरघर थांबली.

लाइट होते. पंखा फिरत होता. पण पंख्याचाही आवाज नव्हता...

"अगं, तुला ऐकू येतंय का काही?"

"नाही," उज्वलाताई ओट्याजवळून म्हणाल्या. "तेच विचारणार होते. काहीच कसं ऐकू येत नाहीये?"

शेवटचा ठिपका. गोरक्षरावांनी घड्याळ दाबलं.

तीन मिनिटं अडतीस सेकंद.

त्यांनी जयरामच्या मशीनकडे पाहिलं.

केबल त्याला लागलेलीच नव्हती.

जेवणाआधी सरकवताना निसटली होती. टोक फरशीवर पडलं होतं.

मग एवढा वेळ 'मिळालं' कोण म्हणत होतं...?

तेवढ्यात शोकेसवर, विणलेल्या झाकणाखाली...

ट्रिंग.

ट्रिंग.

तो जुना लँडलाइन फोन. आठ वर्षांपूर्वी बंद केलेला. बिल्डिंगला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यांनी तार कापून टाकली होती. कापलेलं टोक खिडकीतून लोंबत होतं. गोरक्षरावांना बसल्या जागेवरून दिसत होतं.

दोघंही हलले नाहीत.

"दोन वाजल्या," उज्वलाताई हळूच म्हणाल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "तेव्हाही दोनच वाजल्या होत्या."

"तुला माहीत होतं?"

"मी शेजारीच भाजी निवडत होते. म्हटलं, सांगतील आज ना उद्या."

गोरक्षरावांनी मोबाइल काढून साक्षीला फोन लावला.

"साक्षी, त्या तक्त्याचं बोलायचं होतं. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल बहुतेक. काय आहे, घरात मिक्सर चालू होता..."

"मिक्सर!" उज्वलाताई मागून म्हणाल्या.

"बरं काका," साक्षी म्हणाली. आवाज पडलेला. फोन बंद झाला.

घरात पुन्हा तीच शांतता...

ट्रिंग.

गोरक्षराव दुसऱ्या रिंगेची वाट बघत उभे राहिले.

आली नाही.

एकच. म्हणजे खराब. पुन्हा पाठव.

त्यांनी पुन्हा नंबर लावला.

"साक्षी, मिक्सर नव्हता. आमच्याकडे तेव्हा मिक्सरच नव्हता. दोन रिंगा आल्या होत्या. मला स्वच्छ ऐकू आल्या. सांडणी जिंकली होती आणि मी तुझ्या बापाशी खोटं बोललो."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

"थांबा काका. पेन घेते."

"काय लिहितेस?"

"सांडणी. तीन मिनिटं अडतीस सेकंद. पूर्ण." तिचा आवाज ओला झाला होता. "आणि खाली 'चाचणी घेणारा' म्हणून तुमचं नाव टाकू?"

"टाक," गोरक्षराव म्हणाले.

फ्रिज घरघरायला लागला. पंखा ऐकू येऊ लागला. खाली कुणीतरी भंगारवाल्याशी भांडत होतं. गोरक्षराव शोकेससमोर खुर्ची ओढून बसले. आता दोन वाजायला हव्यात. दोन वाजल्या की सुटलो.

फोन वाजला नाही.

शनिवारी पाटी लागली. लोकांनी तिचे फोटो काढले. मशीन साक्षीकडे परत गेलं. कापलेली तार अजून तशीच लोंबतेय. त्या दिवसापासून रोज दुपारी अडीचला गोरक्षराव त्या फोनसमोर बसतात. एक वाजत नाही. दोनही वाजत नाहीत. पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही.

परवा त्यांनी विचारलंच, "पोचलं नसेल का गं?"

उज्वलाताईंनी फोनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मांडीवर एक टोपली ठेवली.

"वाट बघतच बसणार असाल, तर तेवढे वाटाणे सोला."