खोकल्यानंतरचा शब्द

रेडिओवाला मिस्त्री हातानं सोनं, पण जिभेनं मिरची. त्याच्या दुकानात कुणी जुन्या यंत्रातली धूळ तोंडानं फुंकायला गेलं, की तो अंगावरच यायचा. "अहो, सर्किट आहे ते, वाढदिवसाची मेणबत्ती नव्हे! थुंकी उडते, बोर्ड गंजतो. आणि धूळ जाते कुठं? तुमच्याच नरड्यात!"

एका दुपारी समोरच्या गल्लीतली मावशी काखोटीला रेडिओ मारून आली. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं बिचारीचा.

"खरखरतोय रे मेला. तेवढी खरखर काढ. खोकला मात्र राहू दे."

"कुणाचा खोकला?"

"यांचा! संध्याकाळच्या बातम्या लागल्या की आतून खोकतात. दोन तुटके, एक लांबलचक. जन्मभर तसंच तर खोकले. मग काहीतरी बोलतात, पण ते खरखरीत विरून जातं." ती स्टुलावर टेकली. "गेले तेव्हा मी दूध आणायला बाहेर पडले होते. काय सांगायचं राहिलं, तेवढं एकदा कानावर पडू दे बाबा."

मिस्त्रीनं मान डोलावली. मनात म्हणाला, आत कुठंतरी तारेचा टाका सुटला असणार, तोच खोकल्यासारखा वाजतो. म्हातारीचं मन कशाला मोडा?

ती गेल्यावर त्यानं प्लग काढला. तरी लगेच हात घातला नाही. कंडेन्सरात वीज दबा धरून बसते. ती आधी उतरवली. खिडकी उघडली, नाकाला फडकं बांधलं, मऊ ब्रशनं धूळ झाडायला घेतली. धूळ राखाडी, मऊ, जरा ओलसर. बोटाला कोमट लागली. मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक टाका पुसला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आतून बायको चहा घेऊन आली. "एवढ्या मायेनं कधी माझी पाठ नाही चोळली!"

"तुझ्यात कंडेन्सर नाही ना."

हसत हसत त्यानं चहासाठी फडकं खाली ओढलं. तेवढ्यात दिसलं, आवाजाच्या बटणामागे एक पुंजका अडकलाय. ब्रश पोचेना.

आणि जन्मभर लोकांना बोलणाऱ्या त्या मिस्त्रीनं फुंकर मारली.

पुंजका उडाला, उलटा फिरला आणि थेट त्याच्या घशात गेला. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. बायकोनं पाठीवर थापटलं. त्यानं काहीतरी गिळलं, आणि ठसका थांबला.

संध्याकाळी मावशी आली. रेडिओ लावला. बातम्या अशा खणखणीत, की बोलणारा टेबलावरच बसलाय. मावशी कान लावून बसली. बातम्या संपल्या. खोकला नाही, शब्द नाही.

"पुसलास तू त्यांना," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रीनं समजावायला तोंड उघडलं आणि खोकला आला.

दोन तुटके. एक लांबलचक.

मावशी ताठ झाली. "आणि पुढं?"

पुढं काही नव्हतं. पण त्याच्या जिभेच्या मुळाशी काहीतरी तयार होत होतं, त्याला विचारल्याशिवाय. तो घाईघाईनं पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी बातम्यांच्या वेळेला येऊन बसू लागली. रोज तोच खोकला. काढे झाले, डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. मिस्त्री ओठ घट्ट मिटून बसायचा.

मग एका संध्याकाळी त्याच्या गालावर काजळी लागलेली बायकोनं पाहिली. तिनं हातातलं फडकं पुढं केलं.

त्यानं तिचं मनगट धरलं.

दोन तुटके. एक लांबलचक.

"पुसू नकोस."

आवाज त्याचा नव्हता.

मावशीनं डोळे मिटले. "हेच सांगत होते होय," ती म्हणाली. "आणि मीच पुसायला आणून दिलं."

दुकान अजून चालू आहे. मिस्त्री तिथंच बसतो, बोलतो कमी. मावशी रोज येते, त्याच्याशी घरचं बोलते. त्याच्या खांद्यांवर, केसांत, पापण्यांवर राखाडी धूळ साठत चाललीये.

बायको फडकं घेऊन सगळं दुकान झाडते. त्याच्यापाशी आली की वळसा घालते.