मागचा पोचेपर्यंत

नेरिना चाळीस वर्षांनी आपल्याच गावी, इटलीतल्या त्रिएस्ते बंदरात, पाहुणी म्हणून आली आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरीच विसरली. म्हातारपण, दुसरं काय! दुपारी ती औषधाच्या दुकानात निघाली, तेव्हा भाची फुल्वियानं दारातच पाढा वाचला. बोरा वारा सुटलाय, छत्री नको, भिंतीला धरून चाल, धक्क्याकडे फिरकू नकोस. खुब्यात लोखंड आहे. आता पडलीस तर पुन्हा उभी राहणार नाहीस, असं डॉक्टरांनी बजावलंय.

"आणि आत्या, कोपऱ्यांवर आता दोऱ्या नसतात हं."

"मला बोरा शिकवतेस होय गं?"

पूर्वी बोरा सुटला की माणसांना धरायला कोपऱ्यांवर दोऱ्या बांधत. ते काम नेरिनाच्या बाबांचं, बोर्तोलोचं. लेक उडू नये म्हणून ते तिच्या खिशात दगड भरायचे. किती हसायची ती! त्यांचा नियम एकच: मागचा 'पोचलो' म्हणेपर्यंत पुढच्यानं दोरी सोडायची नाही. नेरिना आठ वर्षांची असताना तिची लाल टोपी उडाली. ती रडली, म्हणून बाबांनी स्वतःच दोरी सोडली. समुद्र दहा पावलांवर होता. टोपी सापडली नाही, बाबाही नाहीत.

गोळ्या घेऊन परतताना कोपऱ्यावर वाऱ्यानं तिला उचललंच. जुन्या सवयीनं हात पुढे गेला आणि जाड, खरखरीत दोरी मुठीत आली.

आधी तिला नुसतं हायसं वाटलं. मग दोरीला मागून हिसके बसू लागले, पावलागणिक एक. डांबराचा वास आला, बाबांच्या तंबाखूचाही. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मागे मात्र तिनं पाहिलं नाही.

फुल्वियानं तिला दारात ओढून घेतलं. आत्याची मूठ बाहेर, रिकाम्या हवेत ताठ.

"हात आत घे, आत्या... काय धरलंयस?"

"थांब... ते पोचले नाहीत अजून."

वारा क्षणभर पडला. नेरिनाच्या कानाशी कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, "पोचलो."

तिची मूठ आपोआप उघडली. फुल्वियानं घाईघाईनं दार लावून कडी घातली.

डोळे पुसत नेरिना कोट टांगायला वळली. शेजारच्या खुंटीवर आठ वर्षांच्या मुलीची लाल लोकरी टोपी होती. तिच्यातून खारं पाणी फरशीवर ठिबकत होतं.